वनमालाबाईची गोळी

२ जून, रविवार

लग्नाला आज अकरा दिवस झाले आणि या घरात पहिल्यांदाच मला तासभर मोकळा वेळ मिळाला. बीडला डी.फार्म. करताना घेतलेली ही वही कोरीच राहिली होती. म्हटलं, नव्या संसाराला हिची सुरुवात करावी.

घर मला आवडलं. कडा गावापासून चार किलोमीटरवर, रानातच बांधलेला स्लॅबचा बंगला, बाहेरून गुलाबी. मागे कांद्याची चाळ, पुढे बोअर, आणि गच्चीवर गेलं की कारखान्याची चिमणी दिसते. माणसं मोजून चारच. सासूबाई बायनाबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते. माझे यजमान अमरसिंह. त्यांच्या थोरल्या भावाची बायको, म्हणजे माझ्या जाऊबाई, वनमाला. आणि मी. थोरले दीर सुंदरराव बारा वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून येताना गेले.

मी पहिल्या दिवशी उंबऱ्यातून आत आले तेव्हा जाऊबाईंनी माझे पाय कोमट पाण्यानं धुतले. मी ओशाळले. त्या म्हणाल्या की त्यांना बहीण नव्हती, आता मिळाली. त्यांचे हात मऊ आहेत, शेतातल्या बाईचे वाटतच नाहीत. रात्री मी आईला फोनवर सांगितलं की माझं नशीब चांगलं निघालं.

११ जून, मंगळवार

आजपासून दुकानात. अमरसिंहचं मेडिकल कड्याच्या बाजारपेठेत आहे. आजवर ते एका ओळखीच्या माणसाच्या लायसनवर चालायचं. तो पुण्याला गेला आणि पुढच्या सहा महिन्यांत आमचं लग्न जमलं. मी काही वेडी नाही, या दोन गोष्टींची सोयरीक मला कळते. त्याचं मला वाईटही वाटत नाही. कुणाचं रूप बघून करतात, कुणाचं शेत बघून करतात, माझं लायसन बघून केलं. शिकून मिळवलेलं आहे ते.

पण दुकानाच्या पाटीवर हिरव्या अक्षरांत लिहिलंय, वनमाला मेडिकल. आत भिंतीवर काचेच्या चौकटीत लायसन, त्यावर माझं नाव, संस्कृती, आणि माझा फोटो. त्यात मी सर्दी झाल्यासारखी दिसते. मी यांना हसत हसत विचारलं की वहिनीचं नाव कसं काय दिलं. त्यांनी औषधाची खोकी मांडत, मान वर न करता सांगितलं की दुसरं नाव सुचलंच नाही.

२९ जून, शनिवार

आत्याबाईंनी आज शेंगा फोडताना सगळी कथा सांगितली. जाऊबाई या घरात आल्या तेव्हा अमरसिंह अकरा-बारा वर्षांचे होते. सासरे त्याच साली वारले, आत्याबाईंनी अंथरूण धरलं. मग या पोराची शाळा, डबा, ताप, परीक्षेची भीती, सगळं या वहिनीनंच निभावलं. पुढे सुंदरराव गेले तेव्हा जाऊबाईंचे वडील त्यांना न्यायला आले होते. वय एकतीस, पदरी लेकरू नाही, दुसरं लग्न सहज झालं असतं. कपडे बांधून झाले होते. अमरसिंहनी त्यांची पिशवी उचलून परत आत नेऊन ठेवली. तेव्हापासून त्या इथंच.

ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रात्री जेवताना यांनी आमटीचा घास घेतला आणि म्हणाले की मीठ बरोबर आहे, आज वहिनीनं केली वाटतं. मी केली होती. मी सांगितलं नाही.

१४ जुलै, रविवार

हे नगरहून दोन साड्या घेऊन आले. एक मोरपंखी, एक तपकिरी. दोन्ही जाऊबाईंपुढे ठेवल्या, आधी त्यांनी निवडावी म्हणून. त्यांनी मोरपंखी उचलली आणि लगेच माझ्या खांद्यावर टाकली, म्हणाल्या की हिला खुलंल. हे म्हणाले की वहिनीला जास्त खुलली असती. सगळे हसले, मीही हसले.

ती साडी मी नेसणार नाही.

मला माझीच शरम वाटते. त्यांच्यात वावगं काही नाही, मी नीट पाहिलंय. ते बघतात ते लेकरू आईकडे बघतं तसंच. असं काही वावगं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. चांगल्या बाईशी भांडायचं कसं? म्हैससुद्धा तिच्याशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नाही. दुकानात गिऱ्हाईक मला विचारतं, वनमालाबाई बऱ्या हायेत का.

गेल्या आठवड्यात मला दोन दिवस ताप होता. हे म्हणाले, दुकानातून गोळी घे.

६ ऑगस्ट, मंगळवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

दुपारी जाऊबाईंनी मला न्हाणीघरात बोलावलं, आतून कडी लावली आणि पदर बाजूला केला. उजवी छाती डावीपेक्षा बरीच मोठी झाली होती. लाल, आणि हात लावला तर भाकरीच्या तव्याजवळ धरल्यासारखी धग. कातडीवर बारीक बारीक खळगे, संत्र्याच्या सालीवर असतात तसे. बोंड आत ओढलेलं. महिना झाला म्हणाल्या. आत्याबाईंना सांगायची लाज वाटते, अमरला तर सांगायचंच नाही. त्या म्हणाल्या, "तू शिकलेली हायेस. तूच बघ, दुसऱ्या कुणाला दावू नगं."

आमच्या कॉलेजात एका मॅडमनं एक फोटो दाखवला होता. अंगावर पाजणारी बाई नसेल आणि छाती अशी लाल होऊन सुजली, सालीसारखी झाली, तर गळू समजून घरी बसू नका, त्याच आठवड्यात मोठ्या दवाखान्यात जा, हा कॅन्सर वाट बघत नाही. मॅडमचा आवाजसुद्धा आठवला. मी तोंड उघडलं होतं. नगरला जाऊ, एवढंच म्हणायचं होतं.

तेवढ्यात फाटकात गाडी वाजली. हे दुपारचे कधी येत नाहीत. बाहेरून आवाज आला, "आई, वहिनी कुठं हाय? सकाळी जेवली न्हाई ती. बरी हाय ना?"

माझ्या दोन दिवसांच्या तापात या माणसानं दुपारी गाडी फिरवली नव्हती.

मी जाऊबाईंचा पदर नीट केला आणि म्हणाले, "सूज हाय नुसती. मी गोळी देते."

७ ऑगस्ट, बुधवार

सूज उतरवणाऱ्या गोळ्या दिल्या. एक दुखण्याची मोठी, डायक्लोफेनॅक. एक बारीक पांढरी, डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती देता येत नाही. पण देणारी मीच, घेणारी घरातली.

मला खात्री नाहीच की ते कॅन्सर आहे. मी डॉक्टर नाही. आठवडाभर बघू, उतरलं नाही तर नेऊ. असं कुणीही केलं असतं.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

उतरलं. लाली गेली, धग गेली, दुखणं तर चौथ्याच दिवशी गेलं. जाऊबाईंनी न्हाणीघरात पुन्हा दाखवलं आणि माझे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले. मी बोटांनी चाचपून पाहिलं. सालीसारखे खळगे तसेच होते. आत, खोल, काहीतरी पाटीसारखं घट्ट होतं.

त्यांना ते सांगितलं नाही. दुखत नाही म्हणताहेत तर उगाच कशाला घाबरवायचं.

रात्री जेवताना त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की संस्कृतीच्या हाताला गुण आहे. कशाचा ते सांगितलं नाही. यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

५ सप्टेंबर, गुरुवार

गोळी थांबवायला हवी होती, थांबवली नाही. थांबवली की लाली परत येते आणि त्या माझ्याकडे असं बघतात की मी पुन्हा देते.

आणि त्या दिसतात कशा! गाल भरलेत, चेहरा गोल, तांबूस. भूक लागते, झोप कमी लागते, पहाटे उठून अख्खं अंगण सारवून मोकळ्या होतात. आत्याबाई म्हणतात, "वनमाला लई तेजाळली, जणू नवी नवरी." मी घरात बसलेय, नवी नवरी, हनुवटीवर पुटकुळ्या घेऊन. ते तेज माझ्या हातच्या गोळीचं आहे. अंगावर पाणी धरतं, चेहरा सुजतो, त्याला हे लोक तेज म्हणतात. मी वाईट करायला गेले आणि त्यातूनही तीच सुंदर झाली.

वाईट करायला गेले, असं मी आत्ता लिहिलं. खोडत नाही.

६ सप्टेंबर

दुकानात गिऱ्हाईक नसताना मोबाइलवर वाचत बसले. उंदरांवरच्या प्रयोगांबद्दल होतं. छातीचा कॅन्सर अंगात पसरलेला असेल तर हेच स्टेरॉइड त्या पसरलेल्या पेशींना बळ देतं, असं त्यात दिसलं म्हणे. दुसऱ्या एका ठिकाणी वाचलं की सूज उतरवणाऱ्या दुसऱ्या जातीच्या गोळ्यांनी कदाचित पसरणं कमी होत असेल. माणसांत पक्कं काहीच ठरलेलं नाही. आणि कॅन्सरचा उपचार करताना डॉक्टर स्वतः हेच स्टेरॉइड देतात, उलटी थांबायला.

मी हे तीनदा वाचलं. मला जे हवं होतं ते त्यातून उचललं. काहीच ठरलेलं नाही, एवढंच.

२३ सप्टेंबर

परवापासून गोळ्या बंद केल्या. ठरवून. म्हटलं, दुखू दे, दुखलं की त्या स्वतःच बोलतील आणि हे त्यांना नगरला नेतील, मला काही सांगावं लागणार नाही.

आज सकाळी त्या चुलीपाशी कोसळल्या. अंग गार, ओठ पांढरे. एवढे दिवस घेतलेली ही गोळी एकदम तोडली की असं होतं, हेही मी शिकलेली आहे. विसरले नव्हते.

यांनी त्यांना उचलून खाटेवर ठेवलं. मी जवळ गेले तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिला काय झालं ना संस्कृती, तर मी ह्या घरात राहणार न्हाई."

मग मी? मी कुठं राहणार, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात आलाच नाही.

गाडी काढायची का, त्यांनी विचारलं. आत्ता हो म्हणायचं होतं. मी म्हणाले अशक्तपणा आहे, उपासानं झालंय. पाण्यातून गोळी दिली. दुपारी त्या उठून बसल्या आणि चहा मागितला. यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

१२ ऑक्टोबर, दसरा

उजव्या काखेत गाठ आलीय. बोराएवढी. आपट्याची पानं द्यायला त्यांनी हात वर केला तेव्हा मला ब्लाउजच्या बाहीतून दिसली. त्यांना दुखत नाही. अमरसिंहनी त्यांचा आणि आत्याबाईंचा फोटो काढला. मला फोटो काढायला सांगितलं नाही, फोटोत यायलाही सांगितलं नाही. मी दारात ताट धरून उभी होते.

१३ नोव्हेंबर

काल एकादशीला जाऊबाई नारायणगडाच्या दर्शनाला जाऊन आल्या. जीपमध्ये शेजारच्या वस्तीवरच्या बाया होत्या. आज त्यांतल्या पाचजणी दारात. सगळ्या उद्या टोळीबरोबर ऊसतोडीला कर्नाटकात निघाल्यात. मागत होत्या वनमालाबाईची गोळी.

मला आधी कळेना. मग कळलं. गेले दोन महिने जाऊबाई माझ्याकडून चार गोळ्या जास्त मागून घ्यायच्या, दुखतंय म्हणून. दुखत नव्हतं. त्या कागदाच्या पुड्या बांधून बायांना देत होत्या. कुणाची पाठ, कुणाचे गुडघे. कोयता घेऊन दिवसभर वाकणाऱ्या बाया, एका गोळीत उभ्या राहतात. का नाही मागणार?

आणि त्यांत भिवराबाई. चाळिशीची, काळीसावळी, सारखी हसणारी. जाऊबाई मला बाजूला घेऊन कौतुकानं म्हणाल्या, "हिला बी माझ्यासारखंच झालतं छातीला. लाल, खळगे खळगे. दोन हप्त्यात उतरलं बघ."

जमीन हलली असं म्हणतात तसं काही झालं नाही. मी म्हणाले, बरं झालं.

मी दुकानातून गोळ्यांचे पत्ते आणून जाऊबाईंच्या हातात दिले; निघताना प्रत्येकीच्या कनवटीला एकेक पुडी होती. मार्चपर्यंत पुरेल एवढी. गोळ्या माझ्या दुकानातल्या आणि दुवा मात्र सगळ्यांनी तिला दिला. माझ्याकडे एकीनंही बघितलं नाही. हे लिहितानासुद्धा मला राग त्याचाच येतोय. मी कसली बाई आहे?

२ डिसेंबर

भिवराबाईचा फोन नंबर मिळवला, टोळीच्या मुकादमाकडून. चार दिवस लागला नाही. आज लागला. मागे ट्रॅक्टरचा आवाज. मी विचारलं छाती कशी आहे. म्हणाली झ्याक हाय, आता फडातल्या अजून दोघींना पण ती गोळी देतीय. मग म्हणाली, "ताई, कावून फोन केलता?"

सांगायचं होतं — गोळी बंद कर, एकदम नको, हळूहळू, आणि तिथंच दवाखाना गाठ. त्यावर ती विचारणार, मग वनमालाबाईला का नाही नेलं?

मी म्हणाले, सहज केला.

१९ डिसेंबर

जाऊबाईंची कंबर दुखते. आतून, हाडातून, असं म्हणतात. गोळी वाढवली. उतरत नाही.

२७ डिसेंबर

खोकला. दोन पावलं चालल्या की दम लागतो. अमरसिंह दुकान बंद ठेवून त्यांच्यापाशी बसतात. आज माझं जेवण झालं का कुणी विचारलं नाही. मी ते मोजतेय. ती तिथं श्वासासाठी धडपडतेय आणि मी इथं — मोजतेय.

३ जानेवारी

नगर. मोठा दवाखाना. यांनी मला विचारलंच नाही, सरळ गाडी काढली.

डॉक्टरीण बाई तरुण होत्या. पदर बाजूला करून बघितल्याबरोबर त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. फोटो, तपासण्या, सुई. फुप्फुस, कणा, यकृत. कॅन्सर सगळीकडे गेलाय. अमरसिंह भिंतीला टेकून खाली बसले.

मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं की हिला स्टेरॉइड कोण देत होतं, चेहरा सांगतोय, पाचसहा महिन्यांचं आहे हे. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण धरून उभी.

खाटेवरून जाऊबाई म्हणाल्या, "मीच घेत व्हते. दुकानातून, मनानंच. संस्कृतीला काय बी माहीत न्हाई."

डॉक्टरीण म्हणाल्या की गोळीनं गाठ झाली नाही. पसरायला तिनं हात दिला का, ते आज कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण गोळीनं लाली आणि दुखणं झाकलं, आणि ते नसतं झाकलं तर ऑगस्टमध्ये इथं आला असता. ऑगस्टमध्ये करण्यासारखं पुष्कळ होतं.

परत येताना मी गाडीत मागे बसले. जाऊबाईंचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

४ जानेवारी

त्यांना माहीत आहे. की नाही?

माझं लायसन जाईल म्हणून खोटं बोलल्या, की — मी केलं ते कळून बोलल्या? दोन्ही सहन होत नाही. चांगुलपणातही तिनं मला मागं टाकलं. मरतानासुद्धा.

२१ जानेवारी

औषधं चालू. मोठ्या दवाखान्याची. त्यांच्या यादीत तीच बारीक पांढरी गोळी आहे, उलटीसाठी. मी आपल्या हातानं देते. त्या तोंड उघडतात आणि माझ्याकडे बघतात.

९ फेब्रुवारी

औषध झेपेना. बंद केलं. घरी आणलं. खाट पडवीत, त्यांना रान दिसावं म्हणून. गावंच्या गावं भेटायला येतात. मी चहा करते. पातेली उतरवते, चढवते —

भिवराबाईचा फोन लागत नाही.

१५ फेब्रुवारी

दुपारी आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, जाऊबाई, मला तुम्हाला एक सांगायचंय. सहा ऑगस्टला, न्हाणीघरात —

त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. हात आता मऊ नाही, काटकी झालाय. म्हणाल्या, "अमरला संभाळ. तेला गरम भाकर लागती."

मला बोलू दिलं नाही. शेवटच्या दिवसांतही तिच्या तोंडात त्याचंच नाव आणि त्याच्याच भाकरीची काळजी.

मी रडले. कशासाठी, ठाऊक नाही.

१८ फेब्रुवारी

पहाटे गेल्या.

१९ फेब्रुवारी

माणसं, माणसं. रस्त्यापर्यंत गाड्या. अमरसिंहनी मुंडण करून घेतलं, लेकासारखं. माझ्यासाठी कुणी इतकं — हेच मनात आलं. चितेपुढे हेच.

२ मार्च

हे बोलत नाहीत. जेवत नाहीत. मी गरम भाकरी करते, ते ताटातल्या भाकरीकडे बघत बसतात. आज म्हणाले, वहिनी असं कसं करेल? आपल्या मनानं गोळ्या? मला न विचारता? तू दुकानात असताना तुला कळलं कसं नाही?

मी म्हणाले, मी कशी लक्ष ठेवणार.

खोटं बोलणं इतकं सोपं असेल असं —

१० मार्च

झोप नाही. डोळे मिटले की न्हाणीघराची कडी दिसते. मी आतून उघडतेय आणि ती —

१४ मार्च

मुकादमाचा फोन. टोळी परत निघालीय. दोन बाया मागेच सरकारी दवाखान्यात ठेवल्यात, कशानं ते त्याला सांगता येईना. चालता येत नाही म्हणे. मी नावं विचारली. फोन कटला.

१७ मार्च

सकाळपासून तीनदा उलटी. कुणाला सांगितलं नाही. आत्याबाईंना वाटतं दिवस गेलेत, त्या खुशीत आहेत. भीती आहे नुसती, पोटात.

१९ मार्च

ट्रॅक्टर अंगणात आलाय. टोळी घरी जायच्या आधी थेट इथं, वनमालाबाईच्या दुखवट्याला. मी पाण्याच्या निमित्तानं आत आलेय.

भिवराबाईला दोघींनी धरून उतरवलं. कमरेतून वाकली आहे. खोकतेय. तो खोकला मला माहीत आहे. हसली माझ्याकडे बघून. छाती — लुगड्यातूनही कळतं.

तिच्या मागची म्हणाली मला बी. तिच्या मागची —

किती आहेत? खिडकीतून नीट दिसत नाही. काही अजून वरच बसल्यात, उतरता येईना म्हणून.

पुड्या संपल्या म्हणताहेत. नव्या द्या.

अमर उठून उभे राहिलेत. महिन्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढलाय. कसल्या गोळ्या, त्यांनी विचारलं. भिवराबाईनं कनवटीचा कागद काढून दिला. आतला गोळ्यांचा रिकामा पत्ता त्यांनी ओळखला. कुणी दिल्या तुम्हाला, ह्या कुणी दिल्या?

सगळ्या एका आवाजात म्हणाल्या — वनमालाबाईनं.

त्यांचा चेहरा. तो चेहरा मी कधी बघितला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावावर ते —

दहा महिने मला हेच हवं होतं. हेच ना?

आता आत्याबाईंकडे बघताहेत. आता दाराकडे. मला हाक मारताहेत. वहिनी नाही, मला. संस्कृती, तुला माहीत होतं का, वहिनीनं ह्या बायांना —

फक्त गप्प राहायचं. मान हलवायची, नाही म्हणून. तिनं स्वतःच सांगितलंय दवाखान्यात. कुणी विचारणार नाही. ती तर गेली. तिला काय —

भिवराबाई उंबऱ्यावर बसलीय. तिला अजून — कदाचित आज निघालं तर, आज, आत्ता गाडी काढली तर —

ते दारात आलेत. वही हातात आहे माझ्या. विचारताहेत काय लिहितेस. मी त्यांना म्हणाले, गाडी काढा, आणि वहिनीचं नाव घेऊ नका, ती गोळी वहिनीची नाही, ती सहा ऑगस्टला मी